जुनी गाडी काढून हायब्रिड घ्यावी का?

पंधरा वर्षं होत आली, की गाडीच्या आरसीचं नूतनीकरण, फिटनेस आणि पर्यावरण कर मागे लागतात. मग शोरूमची चक्कर होतेच, आणि तिथे ‘हायब्रिड’ शब्द कानावर पडतो.

जरा थांबा. मारुतीच्या ‘स्मार्ट हायब्रिड’मध्ये मोटर इंजिनला फक्त हातभार लावते, नुसत्या विजेवर गाडी हलत नाही. खरी मजा स्ट्राँग हायब्रिडमध्ये. ग्रँड विटारा आणि हायरायडरचा प्रमाणित आकडा लिटरला 27.97 किमी आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद, गाडी विजेवर सरकत राहते. ब्रेक दाबला की बॅटरीत थोडी वीज परत जमा होते. घाट उतरताना चार्जचा काटा चढताना पाहणं, हा आमच्यासारख्यांचा छंदच! एक्स्प्रेसवेवर एकसारख्या वेगात मात्र हा फायदा बराच आटतो.

आता हिशोब. तुलना जुन्या गाडीशी करू नका, नव्या पेट्रोल ऑटोमॅटिकशी करा. ती 15 देते, हायब्रिड 22, असं धरू. महिन्याला 1,000 किमी चालवलं तर साधारण 21 लिटर वाचतं, म्हणजे 100 च्या भावाने 2,100 रुपये. किमतीतला फरक अडीच लाख असेल तर वसुलीला जवळजवळ दहा वर्षं! 2,000 किमी असेल तर पाच.

डिकी बॅटरीमुळे लहान होते, गावाकडून तांदळाची पोती आणणाऱ्यांनी ती उघडून बघाच. बॅटरीला आठ वर्षं किंवा 1,60,000 किमीची वॉरंटी मिळते.

माझं मत: रनिंग शहरातलं आणि महिन्याला दीड हजाराच्या वर असेल तरच हायब्रिड. नाहीतर जुनीच नीट सांभाळा.