गांवाची बैठक

इंग्लंडांतील खेडेगांवांत चर्चच्या जोडीला ‘पब’ नांवाचें एक स्थान असतें. तेथें मद्य विकलें जातें हें खरें. पण गांवकरी सायंकाळीं तेथें जमतात ते बहुधा एकमेकांच्या संगतीसाठीं. गेल्या कांहीं दशकांत असे कित्येक पब बंद पडले. कंब्रिया परगण्यांतील हेस्केट न्यूमार्केट या लहानशा गांवच्या लोकांनीं मात्र २००३ सालीं आपसांत भांडवल जमवून आपला ‘ओल्ड क्राऊन’ स्वतःच विकत घेतला. मद्याची भलामण करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु गांवाची बैठक मोडूं न देण्याची ती जिद्द आमच्या मनांत भरली.

आपल्या ठाणें-कल्याणाकडे सुशिक्षितांची अशी बैठक वाचनालयांत बसली. आगगाडी १८५३ सालीं ठाण्यास आणि पुढील वर्षीं कल्याणास आली. त्यानंतर दहा वर्षांनीं, १८६४ सालीं, कल्याणांत सार्वजनिक वाचनालय निघालें. ठाण्यास १८९३ सालीं विनायक लक्ष्मण भावे यांनीं स्नेह्यांच्या साहाय्यानें मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिलें, तेव्हां ते ऐन विशींत होते. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार म्हणून त्यांची ख्याति झाली ती मागाहून. मराठी ग्रंथ एके ठिकाणीं जमावेत व जपले जावेत, ही त्यामागील तळमळ.

पुढें ज्या आगगाडीनें येथील वस्ती वाढविली, तिनेंच वाचकाची सायंकाळ नेली. डोंबिवलीचा चाकरमान्या सकाळीं गाडी धरतो तो दिवेलागणीनंतर परततो. वर्तमानपत्र तर आतां त्याच्या हातांतील फोनवरच येतें. १९६७ च्या कायद्यानें राज्यांतील वाचनालयांस सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. अनुदानानें कपाटें येतात, ग्रंथहि येतात. परंतु बांकावर शेजारीं येऊन बसणारा माणूस अनुदानानें येत नाहीं.

एकत्र कुटुंबांत एक वर्गणी भरली कीं आजोबांपासून नातवापर्यंत सारेच वाचीत. पुस्तक बदलून आणण्याचें काम मुलांकडे असे, आणि त्या निमित्तानें चार वडीलधाऱ्यांचें बोलणें त्यांच्या कानीं पडे. आज पुस्तक घरपोंच मिळेल. तें बोलणें मिळणार नाहीं. म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंति कीं, वर्गणी भरली म्हणजे कर्तव्य संपलें असें मानूं नये. सवडीच्या दिवशीं घरांतील एखाद्या मुलास बरोबर घ्यावें आणि घटकाभर तेथें जाऊन बसावें. त्या इंग्रज गांवकऱ्यांस आपली जागा विकत घ्यावी लागली. आपल्या पूर्वजांनीं ती आपणांस आयती देऊन ठेविली आहे.