मोबाईलवरचा फोटो : पाठवावा कसा?



इंदापूर तालुक्यात आमच्या धाकट्या बंधूंची डाळिंबाची बाग आहे. मी बारामतीला कॉलेजात शिकवतो. गेल्या पावसाळ्यात बागेत आठ-दहा झाडांच्या पानांवर काळपट ठिपके दिसू लागले. तेल्या तर नसेल ना, अशी शंका आली. तेल्या हा जिवाणूंचा रोग. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर तो या झाडावरून त्या झाडावर जातो. बुरशीचे ठिपके वेगळे आणि त्यांचा उपायही वेगळा. म्हणजे आधी निदान हवे.

बंधूंनी पानाचा फोटो काढला व भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पुतण्याने त्याचा स्क्रीनशॉट घेऊन मला पाठवला. मी तो एका कृषिपदवीधर मित्राकडे धाडला. मित्राचा निरोप आला, "सर, हिरव्यावर काळं आहे, एवढंच दिसतंय. ठिपक्याची कड तेलकट आहे का, ते कळत नाही. दुसरा पाठवा." दुसराही त्याच वाटेने गेला आणि तसाच पोहोचला. या घोळात आठवडा गेला. मध्ये दोनदा पाऊस झाला आणि ठिपके अर्ध्या बागेत पसरले. पुढे बंधूंच्या मोबाईलमधला मूळ फोटो मी पाहिला, तो अगदी स्वच्छ होता. बिघडला होता तो वाटेत!

हे कसे घडते? फोटो म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांची रांगोळी असे समजा. साध्या मोबाईलच्या फोटोतही आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके असतात. म्हणजे एक कोटी वीस लाख. एवढे ओझे लवकर पोहोचावे म्हणून व्हॉट्सअॅप ते हलके करते. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोत आडवे सुमारे १६०० व उभे १२०० ठिपके उरतात. म्हणजे एकोणीस लाखांच्या आसपास. सहा ठिपक्यांतला एक राहिला, पाच गेले. स्क्रीनशॉट घेतला की त्यातलेही आणखी जातात. माणसाचा चेहरा यातही ओळखू येतो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. पण पानावरच्या ठिपक्याची कड नेमकी त्या गेलेल्या पाचांत असते.

म्हणून फोटो पाठवण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : हा फोटो कोणाला आणि कशासाठी पाठवायचा आहे? त्यावरून मार्ग ठरवावा.

नातवाचे बारसे झाले, बैल सजवले, ते पाहुण्यांना दाखवायचे आहे. अशा वेळी नेहमीची पद्धत उत्तम. फार तर पाठवताना 'एचडी' हे चिन्ह दाबावे. २०२३ पासून ही सोय आहे आणि तिने फोटो बराच स्पष्ट जातो.

पण पान, कीड, सातबारा, किंवा फ्रेम करण्यासाठी वडिलांचा फोटो पाठवायचा असेल, तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. व्हॉट्सअॅपमध्ये जोडणीचे चिन्ह दाबा, 'गॅलरी' न निवडता 'डॉक्युमेंट' निवडा आणि मग फोटो घ्या. तो जसाच्या तसा जातो. ई-मेलला जोडूनही असाच जातो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना फोटो दाखवायचा झाला, तर हीच रीत ठेवा. आधी कॅमेऱ्याची काच धोतराच्या सोग्याने वा पदराने पुसा. एक फोटो पूर्ण झाडाचा, एक फांदीचा, एक पानाच्या वरच्या बाजूचा व एक खालच्या बाजूचा काढा. पानाशेजारी रुपयाचे नाणे ठेवा, म्हणजे ठिपक्याचा आकार समजतो.

आता समजा, रेंजच नाही. जगद्गुरू तुकोबारायांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते, तेव्हा बेलवाडीचे रिंगण पाहायला किती गर्दी लोटते, हे तुम्ही जाणताच. तिथे तुम्ही एखाद्या परगावच्या वारकरी आजींचा फोटो काढला. त्या आजींचा नातू शेजारी उभा आहे, पण इंटरनेट चालत नाही. अशा वेळी दोन्ही अँड्रॉइड मोबाईल जवळ धरून 'क्विक शेअर' वापरावे. त्याला इंटरनेट लागत नाही आणि फोटो मूळ स्वरूपात जातो. आयफोनवाल्यांत यालाच 'एअरड्रॉप' म्हणतात. जुन्या मोबाईलवर ब्लूटूथ आहे. ते संथ चालते, पण काम करते. आजी पुढच्या मुक्कामाला निघण्याआधी फोटो त्यांच्या घरच्या मोबाईलमध्ये गेलेला असतो.

तिसरा प्रसंग शिक्षकांचा. स्नेहसंमेलनाचे तीनशे फोटो एकेक करून ग्रुपवर टाकले, तर पालकांचे मोबाईल भरून जातात. त्यापेक्षा 'गूगल फोटोज'मध्ये अल्बम करून त्याची लिंक द्यावी. ज्याला जो हवा तो फोटो त्याने उतरवून घ्यावा. तिथे पंधरा जीबीपर्यंत जागा फुकट मिळते. मात्र तीत तुमचे ई-मेलही धरले जातात. आणि एक ध्यानात ठेवा : लिंक ज्याच्या हाती लागेल, त्याला सारे फोटो दिसतात. फोटो मुलांचे आहेत, त्यात आपल्या लेकींचेही आहेत. पालकांना आधी विचारावे आणि महिनाभराने लिंक बंद करावी.

शेवटी एक इशारा. मोबाईलमध्ये तशी सोय चालू असेल, तर फोटो कोठे व केव्हा काढला, हे फोटोच्या पोटात लिहिले जाते. नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सअॅपवर पाठवताना ही नोंद गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवताना ती सोबत जाते. तज्ज्ञाला ती उपयोगी पडते. ई-पीक पाहणीतही शेतात उभे राहूनच फोटो घ्यावा लागतो, कारण तिथे जागेची खूण महत्त्वाची. पण अनोळखी माणसाला घरातला फोटो असा पाठवाल, तर घराचा ठावठिकाणाही पाठवाल.

आमच्या बंधूंनी यंदा मोबाईलमध्ये मला आणि त्या मित्राला घेऊन तिघांचाच एक वेगळा ग्रुप केला आहे. परवा एका पानावर ठिपका दिसला. फोटो डॉक्युमेंट म्हणून आला आणि तासाभरात मित्राचे उत्तर आले, "बुरशी आहे, तेल्या नाही." रात्री बंधूंचा फोन आला. पिकाविषयी ते दोनच वाक्ये बोलले आणि मग पोरांच्या परीक्षेची चौकशी करू लागले. गेल्या वर्षी त्या आठवड्यात त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.