डिग्री न्यायला या

महाविद्यालयाचं वर्ष जूनला सुरू होतं आणि उन्हाळी परीक्षांबरोबर संपतं, हे विद्यार्थ्यांचं गणित. कार्यालयातल्या बाबूंना विचारा, त्यांच्या लेखी मागच्या वर्षीची पोरं अजून संपलेली नसतात. निकाल लागतो, गुणांचे मेमो वाटून होतात, टीसी नेल्या जातात, तरी डिग्री यायची राहिलेली असते. ती यायला पुढचा फेब्रुवारी-मार्च उजाडतो. तोवर कुणी चाकणला कंपनीत लागलेला असतो, कुणी पोलिस भरतीसाठी पहाटे परभणीच्या मैदानावर धावत असतो, कुणी बापाबरोबर शेतात, आणि बऱ्याच मुली सासरी.

परभणी जिल्ह्यातल्या मानवतला हे दिवस कापसाचा हंगाम उतरणीला लागल्याचे. जिनिंगवरच्या गाड्यांच्या रांगा आखडलेल्या, पण रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अजून लटकलेले. तूर घरात आलेली, हरभरा काढणीला. अशात कधीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरतो: डिग्री आल्यात, समारंभ ठेवलाय, ओळखपत्र आणि मेमोची झेरॉक्स घेऊन या.

समारंभाच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम कार्यालयात जाऊन बसलो. स्टेजवरचं सगळे बघतात, मला स्टेजच्या आधीचं बघायचं होतं. लांब टेबलावर जाड कागदाचे गठ्ठे होते. बीए, बीकॉम, बीएस्सी असे तीन ढीग. मोठे बाबू यादी वाचत होते, समोर बसलेला कारकून गठ्ठ्यातून कागद उचलून नाव बोलत होता आणि तिसरा शिसपेन्सिलीनं रजिस्टरात अनुक्रमांक टाकत होता. पेन्सिलीनं, कारण शाई सहीच्या वेळी. बोट ओलं करून पान उलटायची कारकुनाची जन्माची सवय. डिग्रीच्या ढिगापाशी मात्र मोठ्या बाबूंनी त्याला पाणीसुद्धा ठेवू दिलं नव्हतं. डाग पडला की दुसरी प्रत, दुसरी प्रत म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा नांदेड.

नांदेड म्हणजे विद्यापीठ. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 ला सुरू झालं आणि नांदेड, परभणी, लातूर या जिल्ह्यांच्या शिक्षणाची दिशा छत्रपती संभाजीनगराकडून पूर्वेला वळली. हिंगोली जिल्हा परभणीतून पुढे 1999 मध्ये वेगळा निघाला, तोही याच विद्यापीठाकडे. मानवतहून नांदेड शंभरेक किलोमीटर. ज्यांना सुवर्णपदक आहे, पीएच.डी. आहे, ते विद्यापीठाच्या दीक्षांत समारंभाला जातात. बीएच्या पोरीनं आई-बाप, सासू आणि कडेवरचं लेकरू घेऊन आधी मानवत रोड स्टेशन गाठायचं, गाडीची वाट बघायची आणि नांदेडच्या मंडपात मागच्या रांगेत बसून यायचं, हे होणारं नव्हतं. म्हणून डिग्री गावी आणून वाटायची ही पद्धत मला शहाणपणाची वाटते. यानं दीक्षांत समारंभाची शान कमी झाली म्हणणारे भेटतात. त्यांच्या घरात बहुधा दोन-तीन पिढ्या डिग्र्या भिंतीवर टांगलेल्या असतात.

गठ्ठे तपासायचं खरं काम नावांचं. डिग्रीवर नाव मराठीत असतं आणि इंग्रजीतही, आणि चूक नेमकी दुसऱ्यात लपते. 'शिंदे'त 'डी'नंतर 'एच' नको, 'लोंढे'त हवा. 'वैष्णवी'चं स्पेलिंग दहावीच्या सनदेवर एक, आधारवर दुसरं, परीक्षेच्या फॉर्मवर घाईत तिसरंच. लग्नानंतर नाव बदललेल्या मुली डिग्री सासरच्या नावानं मागतात. त्यांना समजावून सांगावं लागतं, की परीक्षा ज्या नावानं दिली त्याच नावानं डिग्री, पुढचं राजपत्र आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर. हे समजावताना मोठ्या बाबूंचा आवाज कधी चढला नाही. "एक 'एच' कमी पडला तर पोराची नोकरी अडते, साहेब," एवढंच ते मला म्हणाले. चूक सापडली की कागदाला कोपऱ्यात पिवळी चिठ्ठी लागत होती. संध्याकाळपर्यंत पिवळ्या चिठ्ठ्यांचा छोटा वेगळा ढीग झाला.

डिग्रीवर विद्यापीठाच्या नावात ज्यांचं नाव छापलंय, ते स्वामी रामानंद तीर्थ निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते. या भागातल्या माणसाला डिग्री मिळणं किती अवघड होतं, हे त्यांच्या काळाकडे बघितलं की कळतं. मुंबई विद्यापीठ 1857 चं. तिथल्या बीएच्या पहिल्या तुकडीत, 1862 मध्ये, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. मराठवाड्याला विद्यापीठ म्हणून हैदराबादचं उस्मानिया मिळालं ते 1918 मध्ये, आणि तिथलं शिक्षण उर्दूतून. 1938 मध्ये 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून तिथल्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं, तेव्हा नागपूर विद्यापीठानं त्यांना दारं उघडली. मराठवाड्यातल्या पोरांनी त्या वर्षी डिग्रीसाठी निजामाचं संस्थान ओलांडलं. संस्थान मुक्त झालं 17 सप्टेंबर 1948 ला, तरी मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ यायला 1958 उजाडलं. डिग्री मानवतच्या फाटकापर्यंत चालत यायला मध्ये एवढी वर्षं गेली, हे फीच्या रांगेत उभ्या पोरांना कुणी सांगत नाही. सांगायला हवं. समारंभाच्या भाषणांत याला जागा सहज निघाली असती. दुसऱ्या दिवशीची भाषणं 'जीवनात यशस्वी कसे व्हावे' याच वाटेनं गेली.

समारंभाचा दिवस. काळा झगा आणि चौकोनी टोपी आता मागे पडली आहे, उपरणं आणि पगडी आली. पगड्या शिवून तयार मिळतात, पण डोकी तयार मापाची नसतात. मंडपाशेजारच्या खोलीत हिंदीच्या मॅडम सेफ्टी पिनांची डबी घेऊन उभ्या होत्या. मुलांचं सोपं, पगडी कपाळावर दाबली की झालं. मुलींनी मात्र अंबाडा घातलेला, त्यात गजरा, आणि पगडी मागे कलंडणार हे ठरलेलं. "अगं, गजरा खाली घे जरा," म्हणत मॅडमनी किती गजरे खाली सरकवले त्याला हिशेब नाही. उपरणी मोजकी, पोरं जास्त. त्यामुळे स्टेजवरून उतरलेल्याच्या खांद्यावरचं उपरणं पायरीवरच निघायचं आणि रांगेतल्या पुढच्याच्या खांद्यावर चढायचं. हे काम एक सेवक इतक्या सफाईनं करत होता, की फोटोत प्रत्येकाचं उपरणं त्याचं स्वतःचं वाटावं.

राज्यगीत झालं, विद्यापीठगीत झालं, दीपप्रज्वलन झालं. वाऱ्यानं वात दोनदा विझली. पाहुण्यांचे सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. हा भाग मी लवकर उरकतो, समारंभात तो लवकर उरकला नाही. मंडपात उन्हाचे पट्टे सरकत होते, मागच्या खुर्च्यांवरच्या बायका पदरानं वारा घेत होत्या. एका म्हाताऱ्या बाबांनी शेजारच्याला विचारलं, "कामून थांबलेत? पोरांचं कधी चालू होणार?" माझाही प्रश्न तोच होता.

नावं पुकारायचं काम मराठीच्या सरांकडे. त्यांनी आदल्या रात्री यादी मोठ्यानं वाचून बघितली होती. नाव नुसतं वाचायचं नाही, त्यापुढे गावही घ्यायचं, हा त्यांचा स्वतःचा नियम. नावामागून आसपासच्या एकेका खेड्याचं नाव आलं, की त्या त्या गावची माणसं मंडपात चुळबुळायची, टाळ्या त्या कोपऱ्यातून आधी यायच्या. गाव घेतलं नसतं तर टाळ्या साऱ्या सारख्याच वाजल्या असत्या.

स्टेजवर प्राचार्य हातात देत होते ती लाल मखमली फाइल होती. आत काही नाही. हे मला आधी कळलं नव्हतं, एका मुलानं उतरताना उघडून बघितली आणि हसला, तेव्हा कळलं. फोटो झाला की फाइल परत. खरी डिग्री खाली, मंडपाच्या डाव्या अंगाला, रजिस्टराच्या टेबलावर. मला त्यात फसवणूक वाटली नाही. वरचं अर्धं मिनिट घरच्यांचं होतं, मोबाइल उंचावून उभ्या असलेल्या भावाचं होतं. खालचा कागद ज्याचा त्याचा.

पण बघण्यासारखं जे काही होतं ते त्या खालच्या टेबलाशीच. मी खुर्ची तिकडे ओढून बसलो. ओळखपत्र बघायचं, मेमो बघायचा, रजिस्टरात आदल्या दिवशीचा पेन्सिलीचा अनुक्रमांक शोधायचा, त्यापुढे सही आणि तारीख, मग कागद हातात. रांगेत सगळ्यांना घाई, पण कागद हातात पडला की प्रत्येक जण थांबायचा. पहिल्यांदा स्वतःचं नाव, मग श्रेणी, मग कागद उजेडाकडे धरून आतला शिक्का बघायचा. एक मुलगी दीड-दोन वर्षांचं लेकरू घेऊन आली होती. सही करायला हात मोकळा हवा म्हणून तिनं ते सरळ मोठ्या बाबूंच्या मांडीवर दिलं. त्यांनी एका हातानं लेकरू धरलं, दुसऱ्या हातानं डिग्र्या. लेकरानं कागदाकडे हात नेला, तसे बाबू खुर्चीसकट मागे सरकले. मुलीची सासू शेजारी उभी होती. तिनं डिग्री हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "याच्यावर नोकरी लागती का?" बाबू म्हणाले, "लागायला परीक्षा द्यावी लागती मावशी. पण परीक्षेला बसायला हे लागतं." सासूनं मान हलवली आणि कागद स्वतःच्या पिशवीत ठेवला, सुनेला परत दिला नाही. त्याचा अर्थ काय लावावा, हे मी तिथेच सोडून दिलं.

चाकणहून रात्रभर प्रवास करून आलेला एक जण मंडपाच्या पडद्यासमोर, जिथे मोठ्या अक्षरात 'मानवत' लिहिलं होतं, तिथे बराच वेळ फोटो काढत होता. कंपनीत गावाचं नाव सांगितलं की लोक त्याला सत्तरच्या दशकातल्या खून खटल्याबद्दल विचारतात. 2024 मध्ये त्या प्रकरणावर वेब मालिका आली, तेव्हापासून तर जास्तच. "आता हा फोटो डीपीला ठेवतो," म्हणाला.

डिग्रीसाठी रोज कॉलेजात बसणं सगळ्यांनाच जमत नाही. अमेरिकेत गावच्या माणसानं गावात राहून, कामधंदा सांभाळून शिकावं म्हणून कम्युनिटी कॉलेजं निघाली. इलिनॉयमधल्या जोलिएटचं 1901 चं कॉलेज त्यांतल्या पहिल्यांपैकी एक. आपल्याकडे ते काम बरंचसं 1989 मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं केलं. गावोगावच्या महाविद्यालयांत त्याची अभ्यासकेंद्रं आहेत आणि तिथे अंगणवाडीताई, होमगार्ड, कंडक्टर, दहा वर्षांपूर्वी शाळा सुटलेल्या बायका पुन्हा वहीला हात लावतात. मंडपातल्या गर्दीत दोन बायका अशा भेटल्या. त्यांची डिग्री आज नव्हती, त्या नुसत्या बघायला आल्या होत्या. समारंभात नाव कसं पुकारतात, पगडी बायकांना देतात का, एवढं बघून त्या निघाल्या.

दुपार कलताना मंडपवाले खुर्च्या उचलू लागले तरी रजिस्टरात बऱ्याच ओळी कोऱ्या होत्या. त्यांच्या डिग्र्या लोखंडी कपाटात जातात आणि तिथे वर्षानुवर्षं राहतात. मग कधीतरी बँकेला, भरतीला, बीएडच्या प्रवेशाला मूळ कागद लागतो आणि सहा-सात वर्षांपूर्वीचा विद्यार्थी धापा टाकत येतो. भावाला, बापाला पाठवलं तर अधिकारपत्र लागतं. डिग्री आता डिजिलॉकरमध्येही दिसते, पण कागद मागणारी खिडकी अजून कुठे ना कुठे उघडी असतेच.

कपाट मी बघितलं. वर्षवार फडक्यांत बांधलेले गठ्ठे आणि वरच्या कप्प्यात पिवळ्या चिठ्ठ्यांचा ढीग, नांदेडला दुरुस्तीसाठी जाणारा. खालचा कप्पा पुढच्या पोरांच्या डिग्र्यांसाठी रिकामा करायचं काम चालू होतं. नव्या शैक्षणिक धोरणानं 2024 मध्ये आलेली पोरं तीन वर्षांत डिग्री घेऊन 2027 ला निघू शकतात किंवा चौथं वर्ष करून 2028 ला ऑनर्स घेऊ शकतात. मध्येच थांबलं तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. म्हणजे एकाच वर्गातली पोरं वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळा कागद न्यायला येणार. टेबलावर तीनऐवजी किती ढीग लागतील याचा हिशेब कारकून बोटांवर करत होता. मोठे बाबू म्हणाले, "ढिगांचं बघू. आधी दुसरं कपाट मंजूर होतं का बघ."