सेक्रेटरीला कळेल अशी कविता

अमेरिकेत काँग्रेसचं ग्रंथालय एका कवीला देशाचा ‘पोएट लॉरिएट’ म्हणून नेमतं. ऑगस्ट २००४ मध्ये टेड कूझर यांचं नाव जाहीर झालं, तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते आणि आयुष्यातली पस्तीसेक वर्षं त्यांनी विमा कंपन्यांत काढली होती. माझीही सगळी नोकरी आयुर्विम्यातच गेली, त्यातली बरीचशी क्लेमच्या टेबलावर. विमावाला कवी म्हटल्यावर मी लगेच वाचायला घेतलं. हा आपल्यातलाच माणूस दिसतोय, म्हटलं.

कूझर १९३९ साली आयोवा राज्यातल्या एम्स गावी जन्मले. वडील दुकानात मॅनेजर. पदवीनंतर टेड यांनी थोडे दिवस शाळेत शिकवलं आणि मग एम.ए.साठी ते शेजारच्या नेब्रास्का राज्यात, लिंकनला आले. तिथे कार्ल शपिरो हे नावाजलेले कवी शिकवत. कूझर त्यांच्या सहवासात रमले, अभ्यास मागे पडला आणि विद्यापीठाकडून मिळणारे पैसे बंद झाले. पोटासाठी १९६४ मध्ये विमा कंपनीत नोकरी धरली. एम.ए. १९६८ मध्ये पुरं झालं, पण नोकरी सुटली नाही. निवृत्त झाले तेव्हा ते लिंकन बेनिफिट लाइफ कंपनीत उपाध्यक्ष होते.

कविता व्हायची पहाटे. साडेचार-पाचला उठायचं, सातपर्यंत वहीत लिहायचं आणि मग टाय बांधून ऑफिस. लिहिलेलं ते ऑफिसातल्या सेक्रेटरीला वाचायला देत. तिला कविता कळली नाही, तर दोष कवितेचा मानून पुन्हा लिहायला बसत.

हे वाचून मला आमच्याकडची पत्रं आठवली. नवरा गेल्यावर महिन्याभरात बाई क्लेमसाठी यायची आणि तिच्या हातात आम्ही ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ने सुरू होणारं पत्र द्यायचो. ती ते उलटसुलट करून पाहायची आणि शेवटी विचारायची, ‘ताई, पैसे मिळणार की नाही?’ पत्रात उत्तर असायचं, पण सहाव्या ओळीत आणि कर्मणी प्रयोगात. वाचणारा कुठे अडखळेल याचा विचार लिहिणाऱ्याने आधी करायला हवा, ही गोष्ट मला टेबलाने शिकवली. कूझर यांनी तिच्यावर आख्खी कविता उभी केली.

सोपं लिहिणं सोपं नसतं, हेही त्यांच्याकडून कळतं. एकेका कवितेचे ते तीसचाळीस खर्डे करतात आणि दर खर्ड्यागणिक कविता जास्त मोकळी होत जाते. ‘अबॅन्डन्ड फार्महाउस’ या त्यांच्या गाजलेल्या कवितेत माणूस एकही नाही. ओस पडलेल्या शेतघराचा पंचनामा करावा तशी ती एकेक वस्तू नोंदत जाते. बुटाच्या मापावरून, पलंगाच्या लांबीवरून, मागे राहिलेल्या खेळण्यांवरून नवरा-बायको-मूल असं कुटुंब उभं राहतं आणि त्यांचं काहीतरी बिनसलं हेही समजतं. काय बिनसलं, ते कवी सांगत नाही. शब्द सगळे कळतात आणि तरी कोडं उरतं. क्लेमच्या फायली चाळताना मला हा अनुभव बरेचदा आला आहे.

१९९८ मध्ये त्यांना कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं. लिहिणं थांबलं होतं. रेडिएशनमुळे उन्हात जायला डॉक्टरांची मनाई, म्हणून ते उजाडायच्या आत फिरायला जाऊ लागले. नोव्हेंबरात एका सकाळी परतल्यावर पुन्हा कविता सुचली. मग ते रोजची छोटी कविता पोस्टकार्डावर चिकटवून कादंबरीकार मित्र जिम हॅरिसन यांना पाठवू लागले. मार्चपर्यंत हे चाललं. त्यातल्या शंभर कविता ‘विंटर मॉर्निंग वॉक्स’ या नावाने २००० मध्ये पुस्तकात आल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर तारीख आणि त्या दिवसाची हवा. आजाराचं नाव क्वचित येतं. नजर असते ती गोठलेल्या रस्त्यावर, पाखरांवर, दगडांवर. पुढे संगीतकार मारिया श्नायडर यांनी यातल्या काही कवितांना चाली दिल्या, त्या डॉन अपशॉ यांनी गायल्या आणि २०१४ मध्ये त्या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

‘डिलाइट्स अँड शॅडोज’ या संग्रहाला २००५ चं पुलित्झर मिळालं. पण मला त्यांचं लॉरिएटपदावरचं काम जास्त मोठं वाटतं. त्यांच्या पत्नी कॅथलीन रटलेज लिंकनच्या दैनिकाच्या संपादक होत्या, म्हणजे वर्तमानपत्र घरातलंच. २००५ मध्ये कूझर यांनी ‘अमेरिकन लाइफ इन पोएट्री’ हे साप्ताहिक सदर सुरू केलं. आज लिहिणाऱ्या एखाद्या कवीची छोटी कविता आणि वर दोन-चार वाक्यांची ओळख, इतकंच. वर्तमानपत्रांना ते फुकट. पद दोन वर्षांनी गेलं, तरी सदर त्यांनी २०२० अखेरपर्यंत चालवलं, आणि मग ते कवी क्वामे डॉज यांच्याकडे सोपवलं.

कूझर यांची कविता फार सोपी, फार सौम्य आहे, असा आक्षेप घेणारेही आहेत. कवी-समीक्षक डेना जोया यांनी १९८० च्या दशकातच त्याचं मर्म सांगितलं होतं: कूझर यांची कविता इतकी स्वच्छ असते, की समीक्षकाला उकलून दाखवायला काही उरत नाही, म्हणून तो गप्प बसतो. मला दुसरी एक मर्यादा जाणवते. कधीकधी त्यांची नजर वस्तूवर इतकी मायेने थांबते, की जगातला राग, अन्याय चौकटीबाहेर राहतो. एकामागून एक दहा कविता वाचल्या की थोडा खडबडीतपणा हवासा वाटतो.

म्हणून त्या एकामागून एक वाचू नयेत. ‘अॅट द कॅन्सर क्लिनिक’पासून सुरुवात करा. एका आजारी बाईला दोघीजणी धरून हळूहळू चालवत नेतात, नर्स दार उघडं धरून थांबते, बाकीचे पाहत राहतात. प्रसंग एवढाच. बेताचं इंग्रजी येत असलं तरी शब्दकोश उघडावा लागणार नाही. तो लागू नये याची काळजी कूझर यांनी पहाटे उठून आधीच घेतलेली आहे.