भंडारा : तलावाच्या पाळीवरून पाहिलेला जिल्हा

भंडाऱ्याच्या शेतकऱ्याची खरी कसोटी आषाढात नव्हे, आश्विनात लागते. बांध्यांतले भारी धान गर्भावर येते, नेमका त्याच सुमारास पाऊस पाठ फिरवितो, आणि हलक्या सिहार जमिनीने भाद्रपदात प्यालेले पाणी केव्हाच खाली सोडून दिलेले असते. अशा वेळी गावाच्या वरच्या अंगाला पाळ घालून कोंडलेले पाणी तुडुम उघडून बांध्यांत सोडता आले, तरच वर्षाचे अन्न पदरात पडते. या जिल्ह्याचा भूगोल, इतिहास आणि कारभार ज्यास एकत्र समजून घ्यावयाचा असेल, त्याने कचेरीच्या पायऱ्या चढण्यापूर्वी अशा एखाद्या तलावाच्या पाळीवर उभे राहावे, असे माझे मत आहे.

सातपुड्यात शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा ही या भूमीची माता खरी; बावनथडी आणि सूर यांना पोटात घेत ती भंडारा शहराशेजारून वाहते, आंभोऱ्यास तिला कन्हान भेटते, आणि पुढे पवनीवरून जाताना ती चुलबंदलाही सामावून घेते. परंतु तिचे पात्र खोल आणि पूर दांडगे, त्यामुळे शतकानुशतके या खोऱ्यातील धान नदीच्या नव्हे, तर टेकड्यांच्या कुशीतून उतरणाऱ्या क्षुद्र नाल्यांच्या पाण्यावर पिकत आले. वैनगंगेलाच अडविणाऱ्या गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. त्यापूर्वीचे सिंचन मुख्यत्वे तलावांचे आणि बोड्यांचे. कोहळी समाजाची या कामातील ख्याती सर्वश्रुत आहे. उतार पाहून पाळ कोठे घालावी आणि सांडवा कोणत्या अंगास काढावा, हे त्यांना उपजत कळे.

प्राचीनत्वात हा प्रदेश कोणासही हार जाणारा नाही. पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष प्रकट झाले. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या १११४ च्या शिलालेखात ज्या 'भाणार' स्थळाचा उल्लेख आहे, तेच आजचे भंडारा, असे मानले जाते. पुढे देवगडच्या गोंड राज्याची सत्ता आली, तिची साक्ष तुमसरनजीकचा अंबागड किल्ला देतो. नंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला, कमाविसदार वसूल करू लागले. लांजीस असलेले मुख्य ठाणे १८२० च्या सुमारास भंडाऱ्यास आले, आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा होऊन हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला.

इंग्रजांच्या बंदोबस्ताने १८६० नंतरच्या दशकात जो फेरफार केला, तो तलावांच्या दृष्टीने फार मोठा होता. भोसलेकालीन पाटील हा सारा गोळा करणारा अधिकारी. त्यासच नव्या व्यवस्थेने गावाचा मालक, म्हणजे मालगुजार बनविले आणि गावाबरोबर तलावही त्याच्या नावे लागला. मात्र मालकी एकाची झाली, तरी पाण्यावरचा सर्वांचा हक्क बुडाला नाही, कारण गावोगावच्या 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तात वहिवाट नोंदविली गेली. जुन्या मामल्यातील हा कागद मला एखाद्या सनदेहून मोलाचा वाटतो. कारण त्याने गावाच्या वहिवाटीस सरकारदरबारी शब्द दिला.

लोकनियुक्त कारभाराचा आरंभही येथे अनपेक्षितपणे लवकर झाला. इंग्लंडातील ग्रामीण काउंट्यांचा कारभार बड्या जमीनदारांमधून नेमलेल्या न्यायाधीशांच्या हाती होता आणि निवडून आलेली काउंटी कौन्सिले तेथे १८८९ साली अवतरली. तर लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मध्यप्रांताचा स्थानिक स्वराज्याचा कायदा १८८३ मध्येच झाला. अर्थात त्या कायद्याखालील लोकल बोर्डांत गावाचा आवाज म्हणजे मुकादमाचा, अर्थात गावप्रमुखाचा, आवाज होता, आणि साध्या कुळास तेथे स्थान नव्हते, हे विसरता कामा नये. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने तहसीलनिहाय जनपद सभा आल्या. १९५६ मध्ये हा जिल्हा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषद व पंचायत समित्या स्थापन झाल्या. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा निघाला; आज उरलेल्या जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे ७ तालुके आहेत.

या घडामोडींत तलावांचे काय झाले? ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली, हे न्याय्यच झाले. तलाव शासनजमा होऊन 'माजी मालगुजारी' ठरले, आणि त्या दोन शब्दांची आद्याक्षरे जुळवून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे गेले, लहान जिल्हा परिषदेकडे. परंतु पूर्वी ज्या पाळीवर गावकरी आपल्या टोपल्यांनी माती टाकीत, तिच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक आता तालुक्याहून जिल्ह्यास जाऊ लागले. पाळीस भेग पडते ती श्रावणातील एका रात्री, आणि मंजुरी येते ती पुढच्या उन्हाळ्यात, तीही निधी असला तर. दरम्यान तळाशी गाळ साचतो, बेशरमाची झुडपे माजतात, बुडीत क्षेत्रावर अतिक्रमण होते, आणि ढिवर बांधवांची मासेमारीही आटते. दोष एका खात्याचा नव्हे. जवळच्या माणसाकडून काम काढून दूरच्या कागदाकडे सोपविले, हे त्याचे मूळ आहे.

१९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येण्याजोग्या विषयांत लघुसिंचन व जलव्यवस्थापन यांचा क्रम तिसरा आहे. म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवले आहे. आत पाऊल टाकण्याचे काम गावाचे. म्हणून भंडाऱ्याच्या प्रत्येक खेड्यातील वाचकास माझी विनंती अशी, की पुढील ग्रामसभेस जाण्यापूर्वी आपल्या गावचा वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक (गावाच्या सामाईक हक्कांची नोंद) यांची नक्कल तहसील कचेरीतून मागून घ्यावी, आणि ती सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावी.