बधिर हाताचा इशारा

खुरपे धरलेल्या हाताची करंगळी वरचेवर बधिर होणे, पायांत सुया टोचल्यासारखे वाटणे, अंगावर मुंग्या चालल्याचा भास होणे, ही लक्षणे पुष्कळदा थकव्यावर किंवा वातावर ढकलली जातात. तथापि ती मज्जातंतूंना इजा होत असल्याची खूण असू शकते. मधुमेह, मद्यपान व जीवनसत्त्वांचा अभाव ही तिची काही कारणे होत. भीतीपोटी लपविले जाणारे कारण मात्र कुष्ठरोग हे आहे.

या रोगाचे जंतू नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली शोधून काढले. ते फार सावकाश वाढतात व त्वचेत आणि मज्जातंतूंत ठाण मांडतात. कोपराच्या आतील बाजूचा तंतू बिघडला म्हणजे करंगळी व शेजारचे बोट बधिर होऊन वाकते; गुडघ्याच्या बाहेरील बाजूचा बिघडला म्हणजे पाऊल नीट उचलत नाही. यापुढील धोका वेदना नाहीशी होण्यात आहे. बाभळीचा काटा रुतला किंवा तव्याचा चटका बसला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि अखेर बोटे गमवावी लागतात.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने औषध घेतल्यास रोग बरा होतो. सरकारी आरोग्य केंद्रात हे औषध विनामूल्य मिळते. परंतु जंतू मेले तरी पूर्ण निकामी झालेला तंतू पुन्हा कार्यक्षम होत नाही. यास्तव उपचार लवकर सुरू होणे हेच महत्त्वाचे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फिकट किंवा लालसर चट्टा असलेल्या व्यक्तीस डोळे मिटावयास सांगून चट्ट्यावर कापूस हलकेच टेकवावा. स्पर्श न कळल्यास किंवा हातापायांत बधिरता वाटत असल्यास तिला विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे. उपचार चालू असताना हात किंवा पाय एकाएकी दुबळा झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. योग्य औषधाने तंतू वाचू शकतो.

ज्यांचे हातपाय बधिर झाले आहेत त्यांनी अनवाणी शेतात जाऊ नये. अवजारांच्या मुठींना कापड गुंडाळावे, तापलेले भांडे फडक्याने धरावे, आणि रोज सायंकाळी तळवे न्याहाळून पाण्यात भिजवावेत व तेल लावावे. उपचार सुरू झाल्यावर रोगी इतरांस संसर्ग देत नाही. त्यास घराबाहेर ठेवण्याचे कारण उरत नाही.