वर्षअखेरीचा ‘डिस्प्ले’ : बडोद्यातील कलापरीक्षा

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललितकला विद्याशाखा सुरू झाली आणि चित्रकलेसाठी ना. श्री. बेंद्रे, तर शिल्पकलेसाठी शंखो चौधुरी यांच्यासारखे कलावंत-अध्यापक लाभल्याने, कसबाइतकेच विचारालाही महत्त्व देणारे कलाशिक्षण तेथे रुजले. या शिक्षणाची कसोटी वर्षअखेरीच्या ‘डिस्प्ले’त, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःच्या वर्षभराच्या कामातून निवड करून केलेल्या मांडणीत लागते. पूर्ण झालेल्या कलाकृतींच्या जोडीला रेखाटनवह्या आणि मुद्राचित्रांचे ‘प्रूफ’, म्हणजे प्लेटवर पुढचा हात फिरवण्यापूर्वी काढून पाहिलेले चाचणी-ठसे, परीक्षकांसमोर असले, की अंतिम चित्रातून वगळलेली आकृती किंवा गडद केलेली छटा कोणत्या टप्प्यावर बदलली, हेही तपासता येते. कामाकडे पाहण्याच्या ‘क्रिट’ आणि ‘ज्युरी’ या दोन पद्धतींत मात्र फरक आहे. ‘क्रिट’ म्हणजे अध्यापक व सहाध्यायी यांनी कामासमोर उभे राहून केलेली चिकित्सा. तिचा हेतू गुण देणे हा नसून विद्यार्थ्याला आपल्या निर्णयांचे समर्थन करायला लावणे हा असतो, तर ‘ज्युरी’ म्हणजे गुणांकन करणारे परीक्षकमंडळ.

मे २००७ मध्ये येथील परीक्षेसाठी मांडलेल्या काही चित्रांना धार्मिक भावना दुखावल्याच्या कारणावरून बाहेरच्यांनी आक्षेप घेतला, एका विद्यार्थ्याला अटक झाली आणि प्रभारी अधिष्ठात्यांना निलंबित करण्यात आले; त्यामुळे परीक्षेची मांडणी ही शैक्षणिक मूल्यमापनाचा भाग मानायची की सार्वजनिक प्रदर्शन, हा प्रश्न देशभर चर्चिला गेला.